अतिथिगृहातील द्रवरूप साबणपात्रांचे स्थिरीकरण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या अतिथिगृहात बेसिनच्या ओट्यावर ठेवलेली द्रवरूप साबणाची बाटली हा संशोधनपत्रिकेतील लेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटले असते. तथापि, प्रात्यक्षिक परीक्षेसाठी आलेले एक ज्येष्ठ बहिःस्थ परीक्षक आमच्या महाविद्यालयाच्या अतिथिगृहात पहाटे घसरून पडले आणि त्यांच्या मनगटास दुखापत झाली. रात्री कोणीतरी साबणाची बाटली दाबताना ती कलंडली होती. साबण ओट्यावरून ओघळून फरशीवर पसरला होता आणि पहाटे दिवा लावण्यापूर्वीच सरांचे पाऊल त्यावर पडले. परीक्षकांनी तक्रार केली नाही. डाव्या हाताने गुणपत्रकावर स्वाक्षरी करून ते परत गेले. 'बाटली पक्की बसवून घ्यावी' असा ठराव पुढील आठवड्यात समितीने केला आणि पदार्थविज्ञान विभागाचा म्हणून तो प्रस्तुत लेखकाकडे आला.

ठराव एका ओळीचा होता. अंमलबजावणी मात्र तीनदा फसली. प्रथम चिकटपट्टी सुटली, नंतर भोक पाडताना ओट्याचा कडप्पा तडकला, आणि तिसऱ्या वेळी पात्र उत्तम बसले, परंतु दोन महिन्यांनी ते रिकामे आढळले. या तीन अपयशांमागे अनुक्रमे पदार्थविज्ञान, खनिजशास्त्र व व्यवस्थापन या तीन शाखांचे साधे नियम होते. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला असून, साबणपात्र पक्के बसविण्यामागचा हेतू कोणता असावा आणि ती सोय कोणाकोणास मिळावी, या प्रश्नाचाही शेवटी विचार केला आहे.

विषयाची पार्श्वभूमी

द्रवरूप साबण ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या विल्यम शेपर्ड यांनी १८६५ मध्ये द्रवरूप साबणाचे एकस्व मिळविले होते. परंतु त्यानंतर शतकभर हा साबण प्रामुख्याने रुग्णालये, कारखाने व सार्वजनिक ठिकाणीच राहिला. घरोघरीच्या बेसिनवर तो आला तो १९८० मध्ये, अमेरिकेतील मिनेटोंका या कंपनीने पंपाच्या बाटलीतून तो विकण्यास प्रारंभ केल्यानंतर. त्या वेळी पंप तयार करणारे कारखाने मोजकेच होते. मोठ्या कंपन्यांनी लगेच अनुकरण करू नये म्हणून मिनेटोंकाने दहा कोटी पंपांची मागणी आगाऊ नोंदवून उपलब्ध उत्पादनच अडवून धरले. पुढे १९८७ मध्ये तिचा हा व्यवसाय कोलगेट-पामोलिव्हने विकत घेतला. या इतिहासातून आपल्या विषयापुरती एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची : या वस्तूचे मर्म साबणात नसून पंपात आहे. वडी उचलावी लागते, बाटली मात्र दाबावी लागते. जी वस्तू एका हाताने वरून दाबावयाची ती खाली घट्ट बसलेली हवी, ही गरज पंपाबरोबरच जन्मास आली.

अलीकडच्या काळात अतिथिगृहांना या विषयाकडे वळविणारे आणखी एक कारण घडले. छोट्या प्लॅस्टिक बाटल्यांचा कचरा टाळण्यासाठी आयएचजी व मॅरियट या हॉटेल-समूहांनी २०१९ मध्ये एकेरी वापराच्या बाटल्यांऐवजी मोठी, पुन्हापुन्हा वापरता येणारी पात्रे ठेवण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा करून पन्नासहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना १ जानेवारी २०२३ पासून व उर्वरितांना २०२४ पासून छोट्या बाटल्या देण्यास मनाई केली. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांपासून भिलारसारख्या गावातील घरगुती निवासांपर्यंत या बदलाच्या खुणा आपल्याकडेही दिसतात. भिलार हे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून घोषित झाले. तेथे घराघरांत पुस्तके पाहावयास येणारा वाचक त्याच घरी मुक्काम करतो, तेव्हा त्या घरातील न्हाणीघर हेच अतिथिगृहाचे स्नानगृह होते. अशा घरांच्या आणि आपल्या महाविद्यालयांच्या गरजा बऱ्याच अंशी समान आहेत.

बाटली का कलंडते आणि का सरकते?

बाटली कलंडली की आपण वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणास दोष देतो. तो कितपत रास्त आहे हे एका साध्या गणिताने पाहता येईल. समजा, अर्धा लिटरच्या बाटलीच्या तळाची त्रिज्या ३.५ सें.मी. आहे, पंपाचा माथा ओट्यापासून १८ सें.मी. उंचीवर आहे आणि आपण २० न्यूटन इतक्या बलाने तो दाबतो. दाब अगदी सरळ खाली असेल तर बाटली हलण्याचे कारण नाही. परंतु बेसिनसमोर उभा असलेला मनुष्य हात पुढे करून दाबतो, त्यामुळे बलाची दिशा थोडी तिरकी असते. ती उभ्या रेषेशी १२ अंशांचा कोन करते असे धरू. मग आडव्या दिशेचा घटक सुमारे ४.२ न्यूटन व उभ्या दिशेचा सुमारे १९.६ न्यूटन होतो. आडव्या घटकाचे तळाच्या कडेभोवतीचे परिबल, म्हणजे कलंडविणारे परिबल, सुमारे ०.७५ न्यूटन-मीटर येते.

याला विरोध करणारे परिबल बाटलीचे वजन आणि दाबाचा उभा घटक मिळून देतात. भरलेल्या बाटलीचे वजन सुमारे ५.४ न्यूटन धरल्यास ते ०.८७ न्यूटन-मीटर होते. म्हणजे बाटली उभी राहते. तीच बाटली संपत आली आणि वजन ०.६ न्यूटनवर आले की विरोधी परिबल ०.७१ न्यूटन-मीटरपर्यंत उतरते आणि बाटली कलंडते. दाबणारा तोच, दाबण्याची रीतही तीच; बदलला तो केवळ आतील साबण. त्यात पंपाची चोच पुढे आलेली असते आणि पुष्कळजण मध्यभागी न दाबता चोचीवरच दाब देतात. त्यामुळे बाटली पुढच्या बाजूस आणखी सहज झुकते.

हे झाले कोरड्या ओट्याविषयी. उपरोक्त आकड्यांनुसार रिकामी होत आलेली बाटली जागेवर राहण्यासाठी तळ व ओटा यांतील घर्षणांक किमान ०.२ च्या वर असावा लागतो. ओट्यावर पाणी व साबणाचा थर असेल तर तो त्याखाली जाणे कठीण नाही. मग बाटली कलंडण्यापूर्वीच सरकते आणि बेसिनमध्ये किंवा फरशीवर पडते. वरील आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष सर्वसाधारण आहे : उंच, अरुंद आणि संपत आलेली बाटली ओल्या ओट्यावर स्थिर राहील अशी अपेक्षा करणेच मुळी चूक आहे. पदवीच्या प्रथम वर्षास परिबल व घर्षण शिकविताना हे उदाहरण वर्गात घ्यावे असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थी बाटली आणून ते पडताळून पाहू शकतात.

दगड आणि पाणी : स्थानिक परिस्थिती

बाटली बांधून ठेवावयाची हे ठरल्यावर कशास बांधावयाची हा प्रश्न येतो. आपल्या भागात बेसिनचे ओटे मुख्यतः तीन प्रकारच्या दगडांचे असतात : काळा कडप्पा, शहाबादी फरशी आणि ग्रॅनाइट. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे बेसॉल्टच्या म्हणजे काळ्या पाषाणाच्या प्रदेशात येतात, परंतु ओट्यांचे हे तिन्ही दगड बाहेरून येतात. कडप्पा आंध्र प्रदेशातील त्याच नावाच्या भागातून, तर शहाबादी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून. हे दोन्ही चुनखडकाचे प्रकार असून ते थरांनी बनलेले आहेत. त्यांतील मुख्य खनिज कॅल्साइट, त्याची कठिणता मोहच्या मापनश्रेणीत ३. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्‌झची कठिणता ७. या एका फरकातून कारागिराच्या हत्यारांची निवड ठरते.

भिंतीस भोके पाडणारे ड्रिल मशीन हातोड्याच्या गतीवर ठेवून कडप्प्यावर चालविले की थर सुटतात व खालच्या बाजूने कपची उडते. आमच्या अतिथिगृहात घडले ते हेच. चुनखडकावर ठोक्याची गती बंद ठेवून, कमी वेगाने, खालून लाकडाचा आधार देऊन भोक पाडावे. ग्रॅनाइटसाठी हिऱ्याचे कण बसविलेला पोकळ बिट लागतो व त्यावर सतत पाणी सोडावे लागते. भोक बेसिनच्या कापलेल्या कडेपासून व ओट्याच्या बाहेरील कडेपासून किमान चार-पाच सेंटिमीटर दूर असावे, कारण दोन कडांमधील अरुंद पट्टी हीच सर्वांत आधी तडकते. हे काम बेसिन बसविण्यापूर्वी, फरशी अजून कारागिराच्या हाताखाली असतानाच करून घेतले तर वेळ व फरशी दोन्ही वाचतात. म्हणून नवीन बांधकामाच्या अंदाजपत्रकात नळाच्या भोकाशेजारी साबणपात्राचे भोकही दाखवावे.

दुसरी स्थानिक बाब पाण्याची. महाबळेश्वर येथे वार्षिक सरासरी पाऊस पाच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, तर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की दगडाचा पृष्ठभाग दिवसचे दिवस कोरडा होत नाही. त्यावर लावलेली चिकटपट्टी किंवा सिलिकॉन दगडास न धरता ओलाव्याच्या थरास धरते आणि काही दिवसांत सुटते. अशा ठिकाणी चिकटविण्याचे काम उन्हाळ्यात करणे इष्ट. याउलट पूर्व भागात विहिरी व विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाच्या वडीशी संयोग पावून पांढरट साका तयार करतात, हा शालेय रसायनशास्त्राचा भाग आहे. बाजारातील बहुतेक हँडवॉश मात्र कृत्रिम प्रक्षालकांपासून बनविलेले असल्याने त्यांचा तसा साका होत नाही. म्हणजे जड पाण्याच्या गावात द्रवरूप साबणाची उपयुक्तता अधिक आहे. मात्र त्याच पाण्याचे पांढरे थर पात्राच्या बुडाशी साचतात, ते वेळोवेळी पुसावे लागतात.

स्थिरीकरणाच्या पद्धती

उपरोक्त बाबी ध्यानात घेता साबणपात्र पक्के करण्याचे चार मार्ग संभवतात.

(१) ओट्यात बसविलेले पात्र : यात पंपाची नळी ओट्याच्या भोकातून खाली जाते, वरून कडे व खालून वॉशर-नट आवळले जाते आणि साबणाची बाटली ओट्याखाली आट्यांनी फिरवून बसविली जाते. भोकाचा व्यास साधारणतः २५ ते ३५ मि.मी. असतो, नेमके माप पात्रासोबतच्या पत्रकात दिलेले असते व ते पाहिल्याखेरीज भोक पाडू नये. वरील कड्याखाली रबरी वॉशर न घातल्यास पाणी भोकातून झिरपून खालच्या कपाटात उतरते. ही पद्धत सर्वांत टिकाऊ. बाटलीचे वजन ओट्याखाली गेल्याने व नट आवळलेला असल्याने कलंडण्याचा प्रश्नच राहत नाही.

(२) भिंतीवरील पात्र : ओट्यास भोक पाडणे शक्य नसेल तेव्हा पात्र भिंतीस लावावे. टाइलवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तेथे भोक पाडू नये, टाइल फुटते. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी बसवून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. पात्राची चोच बेसिनच्या बरोबर वर यावी, म्हणजे गळणारा थेंब बेसिनमध्येच पडेल. ते बेसिनच्या बाजूस लावल्यास थेंब फरशीवर पडतो आणि ज्या अपघातामुळे आपण हे सर्व आरंभिले तोच पुन्हा घडतो.

(३) सिलिकॉनने चिकटविलेले बूड किंवा कडे : बाटली थेट न चिकटविता तिच्या मापाचे स्टीलचे कडे अथवा खोलगट बैठक चिकटवावी आणि बाटली त्यात बसवावी, म्हणजे ती धुण्यासाठी काढता येते. येथे एक रासायनिक सूचना आवश्यक आहे. बाजारात सहज मिळणारे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा असतो. कडप्पा, शहाबादी व संगमरवर हे सर्व कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने या आम्लाने त्यांची चकाकी जाते व पकडही कच्ची राहते. म्हणून 'न्यूट्रल' असे लिहिलेले सिलिकॉन मागून घ्यावे. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि लावल्यावर किमान एक दिवस हात लावू नये. पुढे काढावयाचे झाल्यास बुडाखालून नायलॉनची बारीक दोरी करवतीसारखी ओढली की सिलिकॉन कापले जाते, दगडास इजा होत नाही.

(४) चिकटपट्टी व शोषक रबरी बूड : हे उपाय स्वस्त असले तरी तात्पुरते आहेत. शहाबादीसारख्या खडबडीत पृष्ठभागावर रबरी बुडाखाली हवा शिरते व पकड सुटते. पाहुणे दोन दिवसांसाठी येणार असतील तरच हे चालेल.

पद्धत कोणतीही असो, संडास धुण्याचे ॲसिड ओट्यावर वापरू नये असा दंडक घालून द्यावा. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने चुनखडक झिजतो, आणि स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडून गंज चढतो. पात्र पक्के बसवावयाचे आणि ओटा ॲसिडने धुवावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

पात्र पक्के झाल्यानंतरचा धोका

येथवरचे विवेचन वाचून काम संपले असे वाटेल. वास्तविक येथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सुटी बाटली संपली की ती फेकून नवी आणली जाते. बसविलेले पात्र संपले की ते भरावे लागते. भरणारा मनुष्य उरलेल्या साबणातच नवा साबण ओततो, आणि साबण जपून वापरण्याच्या हेतूने त्यात पाणीही घालतो. साबणात जंतू वाढूच शकत नाहीत हा आपला समज असतो. तो खरा नाही. हँडवॉशमध्ये जंतुवाढ रोखणारी परिरक्षके ठराविक प्रमाणात असतात. पाणी घातल्याने ते प्रमाण घटते, आणि कधीही न धुतलेल्या पात्राच्या तळाशी व नळीत सूक्ष्मजंतूंचा थर जमतो.

या संदर्भात अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका प्राथमिक शाळेत झालेला व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. तेथील पुन्हा भरावयाची सर्व १४ साबणपात्रे दूषित आढळली. त्यांतील साबणाने हात धुतल्यावर विद्यार्थी व कर्मचाऱ्यांच्या हातांवरील ग्राम-ऋण जंतूंचे प्रमाण २६ पटींनी वाढले. मोहोरबंद पिशवीची पात्रे बसविल्यावर ते धुण्याने घटले. अभ्यासकांपैकी काहीजण अशी मोहोरबंद पात्रे बनविणाऱ्या कंपनीत काम करीत होते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. तथापि मूळ इशारा त्याआधीचा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ च्या हस्तस्वच्छता-मार्गदर्शिकेत, अर्धवट रिकाम्या पात्रात साबणाची भर घालू नये असे आरोग्यसेवकांना बजावले होते.

मिरजेचे उदाहरण येथे आठवते. १८९४ पासूनचे वानलेस रुग्णालय आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे मिरज हे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील रुग्णांचे गाव झाले. त्यांचे नातेवाईक परिसरातील लॉज व धर्मशाळांत उतरतात. दिवसभर रुग्णाच्या उशाशी बसून आलेला मनुष्य रात्री ज्या बेसिनवर हात धुतो, तेथील पात्र रिकामे असणे अथवा दूषित असणे ही केवळ गैरसोय म्हणता येणार नाही. सकाळी तोच हात पुन्हा रुग्णाच्या तोंडाशी पाणी नेणार असतो.

म्हणून पात्र बसविण्याच्या निर्णयासोबतच पुढील नियम लिहून ठेवणे आवश्यक आहे. साबणात पाणी घालू नये. उरलेल्या साबणावर नवा ओतू नये; पात्र पूर्ण रिकामे होऊ द्यावे, गरम पाण्याने धुवावे, पंपातूनही गरम पाणी ओढून काढावे व वाळवून मगच भरावे. प्रत्येक बेसिनसाठी दोन बाटल्या ठेवल्यास एक वाळत असताना दुसरी वापरता येते. भरल्याची तारीख बाटलीवर चिकटवावी. पात्रास कुलूप असेल तर त्याची किल्ली एकाच लिपिकाच्या कपाटात राहू नये. रविवारी आलेल्या पाहुण्यास भरलेली कोठी आणि रिकामे पात्र यांत फरक वाटत नाही.

अतिथी कोण?

आमच्या अतिथिगृहातील तिन्ही पात्रे अखेर नीट बसली व त्यांच्या भरण्याची नोंदवहीही सुरू झाली. त्यानंतर एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिकाच्या तासाला विचारले, "सर, पाहुण्यांच्या बेसिनवर साबण आहे, मग आमच्या बेसिनवर का नाही?" तो प्रश्न प्रस्तुत लेखकाने समितीपुढे ठेवला असता आलेले उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे : "मुले साबण पळवून नेतात."

हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. अतिथिगृहातील सुट्या बाटल्याही नाहीशा होत असत, आणि तेथे उतरणारे सर्वजण उच्चविद्याविभूषित होते. त्यावर आपण पाहुण्यांना साबण देणे बंद केले नाही. पात्र पक्के बसविले. याचा अर्थ, चोरीची अडचण एका नटाने व दोन वॉशरने सुटते हे आपण स्वतःच सिद्ध केले आहे. ते सिद्ध झाल्यावर विद्यार्थ्यांच्या बेसिनवर साबण न ठेवण्यास चोरी हे कारण उरत नाही. उरते ते फक्त प्राधान्य. आपल्याकडे मूल्यांकनासाठी समिती येते तेव्हा साबण येतो आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की तो जातो, हा अनुभव अनेक सहकाऱ्यांनी खासगीत मान्य केला आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात प्रत्येक दारापाशी आलेले, पायाने दाबावयाचे जंतुनाशकाचे स्टँड आज अनेक ठिकाणी अडगळीच्या खोलीत आहेत.

पक्के बसविलेले पात्र आणखी एका वर्गास उपकारक ठरते. दृष्टिहीन विद्यार्थ्यास सुटी बाटली दररोज नव्याने शोधावी लागते. नेहमी नळाच्या उजव्या हातास, ठराविक अंतरावर असलेले पात्र त्यास एकदा दाखविले की पुरते. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी ते ओट्याच्या पुढच्या कडेजवळ, हात पोहोचेल असे हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्यता हे आपले कर्तव्य आहे; सर्व बेसिनांवर पात्राची जागा एकच ठेवणे हा त्याचा सर्वांत कमी खर्चाचा भाग होय.

या परिसरास हे विचार नवीन नाहीत. गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी व गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि हातात खराटा घेऊन गावे झाडली. परक्या माणसाचा निवारा व स्वच्छता या गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. त्यांच्या नावाचे महाविद्यालय कराड येथे १९५४ पासून उभे आहे. सांगली जिल्ह्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील यांनी ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्यातील वसतिगृहात विद्यार्थी आपली कामे आपणच करीत. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने 'कमवा आणि शिका' या तत्त्वास महाविद्यालयीन शिक्षणात स्थान दिले. साबणपात्रे धुणे, वाळविणे, भरणे व नोंद ठेवणे हे काम या योजनेखाली रीतसर मोबदला देऊन विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. आमच्याकडे सध्या एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी ते करीत आहेत. नोंदवहीतील त्यांच्या तारखा आमच्या कार्यालयीन नोंदींपेक्षा नियमित आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, सुटी बाटली कलंडणे हे तिच्या आकाराचे व ओल्या ओट्याचे स्वाभाविक फळ आहे. वापरणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा, पक्के बसविण्याची पद्धत ओट्याचा दगड व गावाची हवा पाहून निवडावी. चुनखडकास हातोड्याची गती व आम्लयुक्त सिलिकॉन दोन्ही वर्ज्य. तिसरा, बसविलेले पात्र हे नियमित धुण्या-भरण्याचे वचन असते. ते पाळता येत नसेल तर साधी वडी बरी. चौथा व महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पात्र पक्के बसविता येते हे कळल्यावर ते केवळ पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यास कोणतेही तांत्रिक कारण शिल्लक राहत नाही.

आमच्या महाविद्यालयात मुलींच्या प्रसाधनगृहातील दोन व प्रयोगशाळेबाहेरील एका बेसिनवर आता पात्रे बसली आहेत. मुलांच्या प्रसाधनगृहाचा व भोजनालयाचा प्रस्ताव प्रलंबित आहे. अतिथिगृहातील खोलीत पुन्हा परीक्षक उतरले आहेत, पहाटे उठून हात-तोंड धुऊन प्रयोगशाळेत वेळेवर आले आहेत आणि साबणाविषयी काहीही बोललेले नाहीत. या विषयात यशाची हीच खूण मानावी. सहकारी प्राध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या बेसिनपाशी एकदा स्वतः हात धुवून पाहावेत, एवढीच विनंती.